एवारिस्तोची पहिली टाळी

माझ्या नवऱ्याला, एवारिस्तोला, दुसऱ्याने पेटवलेला विस्तव दिसला की बसवत नाही. उठतो, जवळ जातो, हात पाठीमागे बांधतो आणि बघत उभा राहतो. हात मात्र लावत नाही. दुसऱ्याच्या मांस भाजायच्या जाळीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोला हात लावणं, असं आमच्या रोसारिओ शहरातले पुरुष मानतात. बायकोच्या बाबतीत काही जण ढिले असतील, जाळीच्या बाबतीत कोणी नाही.

म्हणून त्या शनिवारी दुपारी फेर्मीनच्या हॉटेलात शिरतानाच मी त्याला दम भरला. "बसल्या जागेवरून हलायचं नाही. आज आयलेन भाजणार आहे."

"मी कुठे जातोय?" तो म्हणाला आणि खुर्ची जाळीकडे तोंड करून फिरवली.

आयलेन आमची नात. फेर्मीनकडे इतके दिवस सॅलड कापत होती. जाळी मागून मागून तिने त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा तो म्हणाला, "आज दुपारचं जेवण तुझं. टाळ्या पडल्या तर जाळी तुझी. नाही पडल्या तर सोमवारपासून पुन्हा टोमॅटो." मांस ताटात आलं की भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या, ही आमची घरोघरची रीत. फेर्मीनकडे एक जास्तीचं खूळ आहे. पहिली टाळी हजर असलेल्या सगळ्यात वयस्कर पुरुषाने वाजवायची, त्याशिवाय बाकीच्यांनी हात वर करायचे नाहीत. आणि त्या दुपारी सगळ्यात म्हातारा कोण? आमचंच रत्न. "बायकांनी विस्तवापाशी काय करायचंय?" असं नाश्त्यापासून पुटपुटत आलेलं.

मी ब्रेड घ्यायला मान वळवली तेवढ्यात हा उठला.

"नुसता बघून येतो."

झालं! एक पुरुष हात मागे बांधून जाळीपुढे उभा राहिला की दुसऱ्याला खुर्ची टोचायला लागते. शेजारच्या टेबलावरचा उठला, पलीकडचे दोघे उठले. जाळी पार दर्शनी भागात, काचेचं दार सताड उघडं, बाहेर कोर्दोबा रस्त्यावर शनिवारची खरेदीची गर्दी. गाड्यांना तिथे बंदी आहे, माणसांना दुर्दैवाने नाही. समोरच्या दुकानातला बूटवाला हातातल्या एका बुटासकट आला. त्याच्यामागून त्या बुटाचं गिऱ्हाईक आलं, एका पायात मोजा. बँकेचा पहारेकरी आला. न्हाव्याकडून अर्धं डोकं भादरलेला एक इसम गळ्यात फडकं तसंच ठेवून आला. कपड्याच्या दुकानात पुतळा पोचवायला निघालेल्या हमालाने पुतळा खाली ठेवला आणि तोही घुसला. पुतळाही त्या घोळक्यात उभा राहिला. सगळ्यांत कमी आगाऊ तोच होता.

"निखारे कमी आहेत."

"कमी? उलट जास्त झालेत!"

"मी असतो तर अजून उलटलं नसतं."

"उलटलंय कुठे? ते तसंच होतं."

"पोरी, आमचं ऐकू नकोस हं. तू कर तुझ्या मनाने. फक्त ती बरगडी डावीकडे घे."

उचलली जीभ लावली टाळ्याला! आत प्रत्येक टेबलावर आम्ही बायकाच उरलो होतो, समोर सॅलड आणि रिकाम्या खुर्च्या. शेजारची बाई मला म्हणाली, "मी गेल्या उन्हाळ्यात ह्यांना असंच एका लग्नात हरवून बसले होते."

घोळक्याच्या फटीतून मला आयलेन दिसली. घामाने निथळत होती, चिमटा हातात घट्ट धरलेला. चाळीस-पन्नास धुडं तोंडाशी उभी राहिल्यावर विस्तवाला वारा मिळणार कुठून? निखारे काळवंडायला लागले होते. मी उठून घुसायला गेले, तर बूटवाला म्हणाला, "आजी, सॅलड झालं का?" त्याच्याच बुटाने त्याला हाणणार होते.

इतक्यात आयलेनचा आवाज आला, खणखणीत.

"आजोबा, मागे व्हा. वारा अडतोय."

एवारिस्तोला विस्तवापासून मागे हो म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. दर रविवारी आमच्या अंगणात जावई, भाऊ, पाद्री, सगळ्यांना मागे हाकलणारा तो! त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता हा टोपी घालून चालता होणार आणि पोर जन्मभर टोमॅटो चिरणार.

तो एक पाऊल मागे सरला.

मग त्याच्यामागचा सरला, मग त्याच्यामागचा. ती लाट दारातून बाहेर रस्त्यावर गेली, आणि सगळ्यात शेवटचे तिघे समोरच्या बुटांच्या दुकानात उलटे शिरले. पुतळा आडवा झाला. निखारे पुन्हा लालबुंद झाले.

मांस आलं. कोणी काट्याला हात लावेना. सगळं हॉटेल, दारातला घोळका, सगळे एवारिस्तोकडे बघत होते. त्याने बरगडी कापली, चावली, बराच वेळ चावली. मग त्याचा हात मिठाच्या डबीकडे निघाला. फेर्मीनने डोळे मिटून घेतले. वरून मीठ घेणं म्हणजे भाजणाऱ्याच्या तोंडावर थुंकणंच. आयलेन चिमटा धरून आमच्याकडे पाठ करून उभी होती. माझा जीव टांगणीला.

हात मिठाच्या पुढे गेला, रुमालाला पोचला. त्याने तोंड पुसलं, दोन्ही हात वर उचलले आणि टाळी वाजवली. म्हणजे वाजवायला गेला. तळहात एकमेकांना चुकले. देवाशपथ! जन्मभर टाळ्या घेतलेला माणूस, वाजवायच्या कशा हे त्याला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या वेळेला मात्र लागली, आणि मग जो कडकडाट झाला म्हणता! "जाळी तुझी!" फेर्मीन ओरडला. आयलेनने मागे न बघताच चिमटा उंच केला. मी ढसाढसा रडले, लाज वाटली नाही.

पण थांबायचं केव्हा, हेही त्याला ठाऊक नव्हतं. आणि तो थांबेपर्यंत कोण थांबणार? टाळ्या चालूच. मांस गार व्हायला लागलं, चरबी थिजली, पहारेकऱ्याची पाळी संपायची वेळ झाली. शेवटी मीच ओरडले, "अरे, पुरे कर, माणसं उपाशी मरतील!"

तो थांबला. तळहात लालभडक झाले होते. त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाला, "नेलिदा, दुखतंय गं. तू दर रविवारी हे करायचीस?"

"दर रविवारी," मी म्हटलं. "आणि मग त्याच हातांनी भांडी."

माझं ताट त्याने स्वतःकडे ओढलं आणि माझी बरगडी कापायला लागला. अगदी लहान लहान तुकडे, जणू मला दातच नाहीत. मला रागही आला आणि बरंही वाटलं. मांस पार गार झालं होतं. मी सगळं खाल्लं.