कुणाचंच नसलेलं गाणं

मैत्री बेंजो ग्रुपमध्ये चार माणसं होती आणि त्यातल्या तिघांजवळ प्रेमाची एकेक गोष्ट होती. चौथी तुळशी. तिच्याजवळ नुसता गळा होता.

हे सत्त्याऐंशी सालचं. दर रविवारी दुपारी बदलापूरच्या कुळगावात अनंताच्या घरामागच्या भाताच्या खोलीत तालीम चालायची. अनंता ढोलकी वाजवायचा. पेटीवर अंबरनाथचा बबन, केमिकलच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा. लहानपणापासून तो वस्तीतल्या गायन पार्टीत वाढला होता, एप्रिलच्या जयंतीत त्याची पेटी ऐकायला लोक थांबायचे. बेंजोवर भगवान. आणि गायला तुळशी, जी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या पॅन्टी शिवायची.

हळदीला बोलावणं आलं की सगळेच बेंजोवाले सिनेमाची गाणी वाजवायचे. बबनला ते पटत नसे. दुसऱ्यांचं प्रेम किती दिवस वाजवायचं, आपल्याला काय झालंच नाही का, असं तो म्हणायचा. त्यानंच पहिलं गाणं बांधलं. रात्रशाळेत त्याच्या शेजारी बसणारी एक मुलगी त्याच्या वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून द्यायची. बारावीच्या आधीच बापानं तिला जालन्याला आत्याकडे धाडलं आणि तिकडेच लग्न लावून दिलं. बबनला नंतर चांगली बायको मिळाली, दोन मुलं झाली, पण त्या वह्या त्यानं रद्दीत घातल्या नव्हत्या. गाणं त्या कव्हरांचं होतं.

अनंताचं गाणं बायकोवर होतं. ढोलकीपायी हा घरात टिकत नाही म्हणून जनू रुसून माहेरी सोनिवलीला गेली, ती सात महिने आलीच नाही. शेवटी हा सासऱ्याच्या शेताच्या बांधावर उभा राहून गायला. जनू आली. गाण्यासाठी नाही, गावात शोभा नको म्हणून आली, असं ती सांगायची.

भगवानची गोष्ट ऐकून मात्र सगळे पोट धरून हसायचे. तो उल्हासनगरला कापडाच्या दुकानात होता. शेजारच्या दुकानातली सिंधी मुलगी त्याला बघितलं की गोड आवाजात ‘अदा’ म्हणायची. सिनेमे बघून वाढलेला भगवान सहा महिने हवेत. आपली अदा हिला भावली, अशी त्याची समजूत. त्यानं त्याच शब्दावर धृपद रचलं. मग एक दिवस शेठनं सांगितलं की सिंधीत अदा म्हणजे भाऊ. गाणं त्यानं तसंच ठेवलं, नुसती चाल बदलून रडकी केली.

ही सगळी गाणी तुळशी गायची. तिच्या आवाजात ती अशी काही उतरायची की बबन पेटीवरची बोटं क्षणभर विसरायचा. बायका विचारायच्या, पोरी, तुझ्या वाट्याला काय आलं गं असं? तुळशी नुसती हसायची. काय सांगणार? तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं.

तिची आई बनूबाई धवलारीण होती. पंचक्रोशीतल्या आगरी लग्नांत धवले गायला तिलाच बोलावणं असे. दुनियेच्या पोरी तिनं गाऊन सासरी पाठवल्या आणि स्वतःची पोर एकोणतीस वर्षांची होऊन घरात. कुणाचा दोष नव्हता. तुळशी अठराची असताना बापाला लकवा मारला. दोन भाऊ लहान. स्थळं आली, बाजेवरचा बाप आणि शिवणकामाला जाणारी पोर बघून गेली. बाप गेला तोवर स्थळं यायची थांबली होती. तुळशीला कुणी नाकारल्याचं दुःखसुद्धा धड नव्हतं, कारण तिच्यापर्यंत कुणी येऊन पोचलंच नव्हतं. तालमीत हे तिघं आपापल्या गोष्टी सांगायचे तेव्हा तिला त्यांचा हेवा वाटायचा. जालन्याला गेलेल्या मुलीसाठी बबनचा आवाज अजून कापतो, आणि आपला आवाज ज्याच्यासाठी कापावा असं कुणी आठवायला गेलं तर नावच नाही.

पुढल्या वर्षी उल्हासनगरच्या एका कॅसेटवाल्यानं त्यांची गाणी भरून घ्यायचं कबूल केलं. म्हातारा सिंधी, सगळे त्याला साईं म्हणत. दुकानामागच्या खोलीत गाद्या लावून त्यानं रेकॉर्डिंगची सोय केली होती. कॅसेटच्या एका बाजूला एक गाणं कमी पडत होतं. बबन म्हणाला, तुळशी, आता तुझं होऊन जाऊ दे.

 आठ दिवसांनी तिला एक माणूस आठवला. मावशीच्या गावाहून नदीकाठानं येताना पलीकडे, जांभूळ गावच्या पाणीकेंद्राच्या कठड्याशी, तिनं एकदा कुणीतरी उभं बघितलं होतं. तो शर्ट वाळवत होता. त्यानं तिच्याकडे बघितलंही नव्हतं. गाण्यात तुळशीनं त्याला हात वर करायला लावला.

नदीपल्याडच्या माणसा, हात तुझा वर गेला
माझ्या डोईचा भारा बाई, वाटेतच हलका झाला
नाव तुझं मी पुसलं नाही, गाव तुझं मी पुसलं नाही
पाण्यावरून आलं होतं, पाण्यावरून गेलंच नाही

तिनं ते तालमीत म्हणून दाखवलं. जनू दारात चहा घेऊन उभी होती, ती म्हणाली, “बाई, इतकी वर्षं सांगितलं नाहीस.” तुळशीनं मान खाली घातली. खरं सांगायला तोंड उघडलंही होतं, पण पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे गोष्ट असलेल्या बाईकडे बघावं तसं बघत होतं. तिनं जनूच्या हातातला चहा घेतला.

कॅसेट निघाली. बदलापूर-अंबरनाथच्या चहाच्या टपऱ्यांवर, टेम्पोंत, हळदीच्या मांडवांत तेच एक गाणं वाजू लागलं. आणि मार्गशीर्षातल्या एका रविवारी तालमीच्या वेळेला एक माणूस सायकल टेकवून अनंताच्या अंगणात उभा राहिला. पस्तिशीचा, सडपातळ, अंगात खाकी शर्ट. हरिचंद्र त्याचं नाव. जांभूळच्या पाणीकेंद्रावर पंप ऑपरेटर होता. गाणाऱ्या बाईंशी दोन शब्द बोलायचे आहेत म्हणाला.

तुळशी बाहेर आली. त्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं, उद्धटपणे नव्हे, हरवलेली वस्तू ओळखावी तसं. मग तो सांगू लागला. नोकरीला नवा लागला त्या वर्षी, दुपारच्या सुट्टीत तो कठड्याशी उभा राही. पलीकडच्या काठाला एक बाई लाकडाचा भारा घेऊन यायची. भारा खडकावर टेकवायची, पाणी प्यायची, तोंड धुवायची. एक दिवस त्यानं सहज हात वर केला. तिनंही केला. पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा असा गेला. नदी मोठी, चेहरा धड दिसत नसे, हाक पोचत नसे. मग पावसाळ्यात ती वाट बंद झाली. पावसाळा सरला, वाट मोकळी झाली, पण ती आली नाही. तो पलीकडे जाऊन वाड्या-वाड्यांतून हिंडला, पण विचारणार काय? नाव नाही, चेहरा नाही. लोक हसले.

“टपरीवर गाणं ऐकलं आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला,” तो म्हणाला. “बाई, ती तुम्ही होता का?”

तुळशीच्या मनात त्या घटकेला काय काय आलं ते तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही. नुसतं हो म्हणायचं होतं. त्या एका अक्षरात तिला एक आख्खा हिवाळा आणि उन्हाळा मिळणार होता, कुणीतरी तिला वाड्या-वाड्यांतून शोधत हिंडलं होतं असं होणार होतं. त्याच्याही जिवाला शांतता मिळाली असती. आणि खोटं कुणाला कळलं असतं?

“नाही,” ती म्हणाली. “मी ते मनानं रचलं. माझं असं कुणीच नव्हतं.”

आत सगळ्यांनी ते ऐकलं. तिला वाटलं आता हा सायकल उचलून जाईल. पण हरिचंद्र पायरीवर बसला. त्यानं विचारलं, एकदा समोर ऐकायला मिळेल का? बबननं पेटी ओढली. तुळशी गायली. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांसमोर कोण आहे ते तुळशीला ठाऊक होतं. ती स्वतः नव्हती.

पुढल्या रविवारी तो पुन्हा आला. मग येतच राहिला. भगवानच्या बेंजोची तार, माइकची खरखर, साऊंडवाल्याची तुटकी वायर, काहीही असो, तो निमूट दुरुस्त करायचा. हळदीला जायचं असेल तेव्हा भोंगे टेम्पोत चढवायचा. स्वभावानं अबोल. तुळशीला दर शनिवारी मशीनवर बसल्या बसल्या उद्याचा दिवस दिसू लागला. तिचा आवाज आता कापू लागला होता आणि तो कुणासाठी ते तिला पुरतं माहीत होतं. मागे ज्याचा हेवा करायची ते तिच्या पदरात पडलं होतं, आणि ते असं असतं हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. दर कार्यक्रमाला ते गाणं गायला लागायचं. ती गायची आणि तो डोळे मिटायचा.

अशी दोन वर्षं गेली. बनूबाईनं एकदा चुलीपुढे विषय काढला.

“त्या मानसाचं काय गं?”

“त्याचं मन दुसरीकडे हाय, आई.”

“आनि तुझं?”

तुळशी भाकरी थापत राहिली. 

नव्वद सालच्या दिवाळीनंतर हरिचंद्रानंच विचारलं. तालीम संपली होती, बाकीचे चहाला आत गेले होते. तो वायरीची गुंडाळी करत होता. मान वर न करता म्हणाला, की जांभूळला क्वार्टर मिळालीय, दोन खोल्या आहेत, तिकडे तुम्ही कायमच्या याल का? तुमची तयारी असेल तर काकाला घेऊन बनूबाईंकडे येतो.

 तुळशीनं विचारलं, “ती उद्या समोर आली तर?”

तो गुंडाळी खाली ठेवून विचार करत राहिला. त्याचं हेच तिला आवडायचं, विचारलेल्याचं तो खरं उत्तर शोधायचा.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “तिला शोधायला मी एकच वर्ष गेलो. इथं मात्र दोन वर्षं येतोय. यातून काय समजायचं ते मलाच नीट कळत नाही. पण रविवारी इथं यायचं नसेल तर कुठं जायचं, तेही सुचत नाही.”

“मी येईन,” तुळशी म्हणाली. “पण ते गाणं आता मी गाणार नाही.”

बबनला वाईट वाटलं. ग्रुपचं नाव त्याच गाण्यावर होतं. लोक मांडवात ओरडून मागायचे आणि बबन हात जोडून दुसरं सुरू करायचा. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. वैशाखात लग्न झालं. आपल्या लेकीच्या हळदीला बनूबाईनं स्वतः धवले म्हटले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज मध्येच बसला. उरलेलं सगळ्या बायकांनी मिळून म्हटलं.

जांभूळला तुळशीनं शिवणकाम घरी आणलं. हरिचंद्र चांगला नवरा निघाला. तिला ताप आला तर रात्रपाळी करून आल्यावर भात टाकायचा. दुपारी ती त्याचा डबा घेऊन पंपघरावर जायची. पहिल्याच दिवशी तिनं बघितलं, तो कठड्याशी पाठमोरा उभा होता, पलीकडे बघत. तिनं हाक मारली नाही. डबा हातात धरून तो वळेपर्यंत थांबली. तो वळला, हसला, डबा घेतला. दुसऱ्या दिवशी तसंच. कधी दोन मिनिटं लागायची, कधी दहा. घरात, पानावर, अंथरुणात तो तिचाच होता. तेवढी दहा मिनिटं नव्हता. तुळशीनं तक्रार केली नाही, तिला सगळं आधीच सांगून झालं होतं. पण त्या दहा मिनिटांत ती त्याच्या पाठीकडे बघत जे मन घेऊन उभी असायची ते बबनच्या किंवा कुणाच्याच गाण्यात कधी आलं नव्हतं.

त्र्याण्णव साली साईंनी दुसरी कॅसेट काढायचं ठरवलं. बबन गाणं मागायला आला. तुळशीनं शिवणाच्या पावतीमागे लिहिलेल्या चार ओळी त्याच्या हातात दिल्या. डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईचं गाणं होतं. बबननं दोनदा वाचलं. कुणाची गोष्ट, असं त्यानं विचारलं नाही. चाल मात्र अशी लावली की रेकॉर्डिंगच्या वेळी भगवान एक सूर चुकला आणि सगळं परत करावं लागलं. हरिचंद्र खोलीत भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही वेळा त्यानं डोळे उघडे ठेवून ऐकलं.

 दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गेली तर तो कठड्याला पाठ लावून, वाटेकडे तोंड करून उभा होता. लांबूनच तिला बघून चार पावलं पुढे आला. तुळशीला भरून आलं. आणि लगेच कुठंतरी टोचलंही, की एवढ्या वर्षांचं या माणसाचं काहीतरी आपण गाऊन काढून घेतलं.

“तिकडे तोंड करून बसा,” ती म्हणाली. “मीही बसते. माझी काही ना नाही.”

ते दोघं कठड्याशी बसून जेवले. पलीकडच्या काठाला कुणाच्या तरी म्हशी पाण्यात उतरल्या होत्या. हरिचंद्रानं भाकरीचा अर्धा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि ती बाई भारा कोणत्या खडकावर टेकवायची ते बोटानं दाखवलं. तुळशीनं नीट निरखून बघितलं. मग ती बाई पायांत काय घालायची, हात कोणता वर करायची, असं एकेक ती विचारत गेली आणि तो आठवून आठवून सांगत गेला.