टाकीतला क्षीरसागर

गणपती दूध पितोय अशी आवई उठली त्या दिवशी अख्ख्या डोंबिवलीत त्यावर विश्वास न ठेवणारा एकच माणूस उरला होता, आणि दिवेलागणीला नेमकी त्याच्याच घरी उदबत्ती लागली. माणसाचं नाव उत्तम. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला. घर दोन खोल्यांचं, आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीत समुद्र.

समुद्र म्हणजे काचेची टाकी. तिच्यामुळे पाहुण्याला बसायला जागा उरली नव्हती. खाडीचं पाणी तिला सोसायचं नाही, म्हणून कळव्याचा दामाजी कोळी पार बाहेर जाऊन दर्याचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा. आत नारिंगी पट्ट्यांची माशांची जोडी आणि मधोमध जिवंत प्रवाळ. हा जीव आपलं घर आपणच बांधतो, चुन्याचं. चुना म्हणजे त्याचं विटा-सिमेंट आणि सोडा म्हणजे गवंड्याचा चहा. दोन्हींपैकी एक चुकलं की काम बंद. उत्तम त्याला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी म्हणायचा, पण डबे पानाच्या चुन्याचे आणि खायच्या सोड्याचेच होते.

रीत ठरलेली होती. चुना पाण्यात ढवळून झाकून ठेवायचा, साका खाली बसला की वरची निवळी सकाळी थेंबथेंब सोडायची. सोड्याचं पाणी संध्याकाळी. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, कारण भेटले की ते एकमेकांना अशी मिठी मारतात की पांढरा गाळ होऊन तळाशी जातात, आणि प्रवाळ उपाशी राहतं. तपासायला परदेशी सामान कुठून आणणार? उत्तम बायकोच्या मिसळणाच्या डब्यातली हळद बशीत घ्यायचा आणि तिच्यावर टाकीतलं पाणी टाकायचा. पिवळी राहिली तर ठीक. लाल व्हायला लागली तर हात आखडता.

"झालं का माशांचं हळदीकुंकू?" उत्तरा, त्याची बायको, विचारायची. ती ठाण्याला, नौपाड्यात एका दवाखान्यात नोकरीला होती आणि घरातला हा पेशंट काही बरा होणार नाही हे तिला माहीत होतं.

तर त्या दिवशी उत्तमची साप्ताहिक सुट्टी. सकाळी देवळापुढची रांग इतकी लांबली की तिचं शेपूट म्हणे कल्याणच्या बाजूनं येणाऱ्या रांगेत अडकलं, आणि काही लोक दोन्हीकडून दर्शन न घेता घरी पोचले. उत्तम चमचा घेऊन पायरीवर उभा राहिला. पृष्ठताण म्हणजे काय ते सांगितलं. कुणी ऐकेना, तेव्हा समोर लावलेल्या स्कूटरच्या मडगार्डला त्यानं दुधाचा चमचा टेकवला. मडगार्डनंही दूध ओढलं.

"बघा," उत्तम म्हणाला, "हीसुद्धा पितेय. हिलाही हार घाला."

"नास्तिक मेला," रांगेतून चाळीतल्या गोदूबाई म्हणाल्या. "तुझी अक्कल त्या माशांना शिकव."

सगळे हसले. शांताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या शेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या. मागे सोनं उजळून देणारा एक भामटा आला होता, त्याच्या भांड्यातून त्यांच्या पाटल्या उत्तमनंच बाहेर काढल्या होत्या. तेव्हापासून त्याचा शब्द त्यांना पुरत असे. त्यांनी मडगार्ड पाहिलं, हातातली वाटी पाहिली.

"तू म्हणतोस म्हणजे तसंच असणार रे," त्या म्हणाल्या, आणि नंबर इतका जवळ आलेला असताना रांग सोडून घरी गेल्या. त्या दुधाचा चहा केला. उत्तमलाही अर्धा कप दिला.

घरी आला तरी उत्तमचं डोकं पायरीवरच होतं. गोदूबाईंना काय उत्तर द्यायला हवं होतं ते त्याला आत्ता सुचत होतं. उत्तर जुळवता जुळवता त्यानं निवळीचा कॅन उचलला आणि टाकीत उपडा केला, तळच्या साक्यासकट. उत्तर आणखी धारदार झालं, तसा त्यानं सोडाही ओतला. तोसुद्धा खायचा नव्हे. कारखान्यातून आणून ठेवलेला धुण्याचा, खायच्याचा थोरला भाऊ.

टाकीत ढग उतरले. बघता बघता पाणी ताकासारखं झालं. मासे दिसेनासे झाले. ती जोडी म्हणे पुढे कितीतरी वेळ एकमेकांना धडकून माफी मागत होती. उत्तमनं धावत जाऊन बशीत हळद घेतली, थेंब टाकला. मळवट भरावा अशी लाल.

तेवढ्यात दारात गोदूबाई. त्या आल्या होत्या सकाळचं भांडण पुरं करायला. टाकी बघून त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"अगं बाई. क्षीरसागर."

उत्तमनं लाल बशी आत ओट्यावर नेऊन ठेवली.

"उत्तम, तू काही टाकलंस का रे यात?"

सोपा प्रश्न होता. पण ज्यानं सकाळी गावाला विज्ञान शिकवलं, त्यानं दुपारी सांगायचं काय? की पहिल्याच पानावरचं आपण विसरलो?

"नाही," उत्तम म्हणाला. आणि मग म्हणाला, "सकाळी स्वच्छ होतं." हे दुसरं वाक्य खरं होतं. त्याच्या आड उभं राहताना त्याचे कान तापले.

मग जिन्यात चपलांचा ढीग पडला. टाकीच्या झाकणावर जास्वंदी आल्या, हवेच्या पंपाला कुणी कुंकू लावलं. लोक उत्तमच्या पाठीवर हात ठेवून जात होते. "देवानं तुलाच निवडलं बघ," कुणी म्हणालं. पाठीवरचा प्रत्येक हात त्याला चिमटा काढल्यासारखा लागत होता. शांताबाई आल्या, भिंतीशी उभ्या राहिल्या. त्या टाकीकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होत्या. त्यानं नजर चुकवली.

उत्तरा कामावरून आली. गर्दीतून वाट काढत आत गेली, ओट्यावरची लाल बशी पाहिली आणि बाहेर येऊन त्याच्या कानाशी म्हणाली, "सोडा कुठला घातलास?"

"नंतर सांगतो."

"मला नको सांगूस. त्यांना सांग."

तोवर गोदूबाई नातीला घेऊन परत आल्या होत्या. हातात तांब्याची पळी. झाकण सरकवून त्यांनी पळी बुडवली, पांढरं पाणी पोरीच्या ओंजळीत घातलं.

"पी, बाळ. तीर्थ आहे."

उत्तमनं पोरीचं मनगट धरलं. पाणी फरशीवर सांडलं.

"पिऊ नको. तोंड भाजेल."

"तीर्थानं?" गोदूबाई म्हणाल्या.

"तीर्थ नाही, मावशी. चुना आणि धुण्याचा सोडा आहे. मी टाकलाय. चुकून."

"मघाशी नाही म्हणालास."

"हो."

"का?"

उत्तमनं पोरीचं मनगट सोडलं. उत्तरानं पोरीचे हात मोरीत नेऊन धुतले. कुणीतरी पुढे होऊन आपण वाहिलेलं फूल परत घेतलं. त्याचं बघून बाकीच्यांनीही घेतली. चपला जशा आल्या तशा गेल्या. भांडायला सुद्धा कुणी थांबलं नाही. निदान शिव्या द्यायला हव्या होत्या, असं उत्तमला वाटलं.

शांताबाई तेवढ्या राहिल्या.

"मग सकाळचं?" त्यांनी विचारलं.

"ते खरं होतं, काकू."

"दुपारी 'काही टाकलं नाही' हेही असंच सांगितलंस ना, तोंडावर?"

"दुपारी खोटं बोललो. सकाळी नाही."

"मी कसं ओळखायचं रे, कुठलं कुठलं ते?" रागावून नाही म्हणाल्या. गणित अडलेल्या पोरीनं विचारावं तसं म्हणाल्या, आणि घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात दुधाची वाटी होती. त्या जिना उतरून देवळाच्या वाटेला लागल्या.

उत्तम गॅलरीत उभा राहिला. मागे टाकीत गाळ खाली बसत होता, आणि प्रवाळ अंग चोरून मुठीसारखं मिटलं होतं. हा साका ब्रशनं सावकाश झाडावा लागेल, मग पाणी बदलावं लागेल, त्यासाठी दामाजीला निरोप धाडावा लागेल. त्याला काय सांगायचं, हाही प्रश्नच होता.

शांताबाई परत आल्या. वाटी काठोकाठ भरलेली, पदरानं झाकलेली. उत्तमच्या मनात आशा जागी झाली. आता तरी त्यांची खात्री पटली असेल.

"नाही ना घेतलं, काकू?"

"नाही." त्या धापा टाकत जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबल्या. "सकाळी सगळ्यांचं घेत होता म्हणतात. आता पोट भरलं असेल त्याचं. माझाच उशीर झाला."

उत्तम त्यांना वाट द्यायला बाजूला सरकला.

"बायका विचारत होत्या, सकाळी एवढा नंबर लागलेला, मग का गेलात परत? म्हटलं, गॅस चालू राहिला होता घरी." त्यांनी पदर बाजूला करून दूध सांडलं नाही ना ते बघितलं. "तुझं नाव नाही घेतलं मी. आधीच लोक बोलताहेत तुला."

त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या.

"चहा टाकते. येतोस?"

"आलो," उत्तम म्हणाला, आणि कठडा धरून तिथंच उभा राहिला.