शेगडीचं दार

मारोतीने खिशातून खडू काढला आणि हॉलच्या फरशीवर, टीव्हीच्या बरोबर समोर, दोन फूट बाय दीड फुटाचा चौकोन आखला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि जावयाकडे बघितलं.

“एवढी पुरंल का?”

मानसिंगने चौकोनाभोवती एक फेरी मारली.

“थोडी और मोठी, पापा. आमची लाकडं लांब असतात. सफरचंदाच्या फांद्या.”

ऑक्टोबरची दुपार होती. पंखा पाचावर फिरत होता आणि तरी तिघांचेही कपडे अंगाला चिकटले होते. अशा उकाड्यात कामोठ्यातल्या चौथ्या मजल्यावर घर गरम करायची शेगडी निवडायला बसलेलं हे कुटुंब सोसायटीतल्या कुणी पाहिलं असतं, तर वर्षभर चेष्टेला विषय पुरला असता.

शेगडी हवी होती अस्मिताच्या घरासाठी. मारोती-बायजाबाईंची ही थोरली. वाशीच्या फळबाजाराशेजारच्या बँकेत कारकून होती. सफरचंदाचे ट्रक घेऊन हिमाचलातून येणारा मानसिंग त्याच बँकेत पैसे भरायला यायचा. बाकीचं दोघांनी आपापसात ठरवलं. जानेवारीत लग्न झालं, अस्मिताने तिकडच्या शाखेत बदली मागून घेतली, आणि आता सासऱ्यांच्या जुन्या घराला लागून दोघांच्या दोन नव्या खोल्या उभ्या राहत होत्या. मारोतीचा कळंबोलीत वेल्डिंगचा गाळा. लेकीला भांडीकुंडी द्यायची राहून गेली, तर शेगडी आपण करून देऊ, असं त्याने जाहीर केलं होतं. माल उतरवून ट्रक परत जाणारच होता, त्यातून ती थेट बर्फात पोचणार होती.

बायजाबाई भिंतीला टेकून बसली होती. समोर तिघांसाठी पोहे होते, पण तिने हात लावला नव्हता.

मानसिंगने मोबाइलवर तीन फोटो दाखवले होते. पहिली शेगडी कंपनीची, काचेच्या दाराची, आतली आग दिसणारी. ती मारोतीला पटली नाही. “काच फुटली तर डोंगरावर कोन बसवून देनार?” दुसरी पातळ पत्र्याची, गावात सगळ्यांकडे असते तशी, दोन हिवाळ्यांत गळून जाणारी. तिसरी जाड पत्र्याची. धुराडं छपरातून बाहेर, खाली राखेचा कप्पा आणि वर सपाट तवा. मारोतीने ताबडतोब तिच्यावर बोट ठेवलं.

“हीच. खोलीपन तापंल आन वर भाकरीबी व्हईल.”

“तवा नको,” बायजाबाई म्हणाली.

“अगं, फुकटात मिळतोय. पत्रा तर वर लागनारच हाय.”

“वर उतार काढा. भांडं ठिवता येऊ नये असा.”

मारोतीने बायकोकडे बघितलं. अशी सूचना त्याच्या गाळ्यात आजवर कुणी केली नव्हती. जावयासमोर वाद नको म्हणून त्याने विषय बदलला आणि पत्र्याच्या जाडीबद्दल बोलू लागला.

बायजाबाईच्या डोळ्यांसमोर मात्र सासरची चूल होती. परभणीकडच्या एका गावात सासरी आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. घरातली सगळी उठायच्या आधी तिने उठायचं, कापसाच्या ओल्या पऱ्हाट्यांना जाळ धरेपर्यंत फुंकत राहायचं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं की सासू म्हणायची, नखरे करू नको. अस्मिता पोटात असतानाही ते सुटलं नाही. इकडे आल्यावर गॅसची पहिली टाकी घरात आली त्या दिवशी तिने हातात मूल घेऊन नुसता बर्नर चार वेळा लावून विझवला होता. मग तिने एकच नेम धरला. सुट्टीत गावाला गेलं की सासू अस्मिताला चुलीपुढे बोलवायची, आणि बायजाबाई पोरीच्या हातात पुस्तक देऊन तिला बाहेर पिटाळायची. त्यावरून किती बोलणी खाल्ली, त्याची गणतीच नव्हती.

आणि आता त्याच पोरीसाठी, बी.कॉम. झालेल्या, बँकेत बसणाऱ्या पोरीसाठी, बाप हौसेने चूल घडवत होता. फेब्रुवारीत एकदा फोनवर अस्मिता बोलता बोलता खोकायला लागली होती. “काही नाही गं, धूर झाला जरा,” एवढंच म्हणाली. तो खोकला बायजाबाईने आठ महिने मनात ठेवला होता. जावई वाईट नव्हता. दारात पाऊल टाकताच जयभीम घालायचा, स्वतःची ताटली स्वतः विसळायचा. पण पाहुणा म्हणून आलेला माणूस आणि आपल्या घरात पहाटेच्या थंडीत पांघरुणात पडलेला माणूस एकच असतो, याची खात्री कोण देणार? विचारायचं तरी कसं? जावयाला असलं कुणी विचारतं का?

“बायजा, हिकडं ये,” मारोती म्हणाला. “बस हितं.”

“कशाला?”

“दाराची उंची काढायचीय. अस्मी तुज्याएवढीच हाय. चुलीम्होरं बसतीस तशी बस. दार कोपराच्या रेषेत आलं म्हंजे पोरीला वाकावं लागायचं न्हाई.”

त्याने मोठ्या मायेने सांगितलं होतं. बायजाबाई उठली, खडूच्या चौकोनासमोर आली आणि उकिडवी बसली. कित्येक वर्षांत ती अशी बसली नव्हती, पण अंगाला आठवण करून द्यावी लागली नाही. एक गुडघा वर गेला, मान एका बाजूला वळली, डोळे आपोआप बारीक झाले. मारोतीने टेप फरशीला लावली. तिला वाटलं, ही टेप ओढून खिडकीबाहेर फेकून द्यावी.

“पापा, आईंचं माप कशाला?” मानसिंग म्हणाला.

“तुमच्या बायकूचंच समजा.”

“पण अस्मिता कुठं बसते इथं?” तो खरोखरच गोंधळला होता. “मी बसतो. आई, उठा तुम्ही, प्लीज.”

बायजाबाई उठली नाही. तिने नुसती मान वर केली.

“तुमच्याकडं पहाटे आग पुरुष लावत्यात?” मारोतीने तिच्या मनातलं विचारून टाकलं, तेही हसत हसत.

“पुरुष-बिरुष काही नाही, पापा. आमच्या घरी जो आधी उठेल तो. पण ती उठतच नाही!” मानसिंगही हसला. “खोली गरम झाल्याशिवाय रजईतून नाक बाहेर काढत नाही. मी आग लावतो, चहा ठेवतो, मग मॅडम उठणार. एकदाच लावली तिने, फेब्रुवारीत. मी बागेत होतो. धुराड्याची झडपच उघडली नाही. सगळं घर धुरानं भरलं, माझी आई बाहेर पळाली बर्फात.”

मारोतीला हसू आवरेना. “आता बगा! हिनं शिकवलंच न्हाई पोरीला. चूल कंच्या बाजूनं पेटवत्यात तेबी ठावं न्हाई तिला.”

दुसऱ्या कुठल्या आईने या वाक्यावर मान खाली घातली असती. बायजाबाईचा चेहरा मात्र असा उजळला, की कुणी तिच्या लेकीला पदक दिलंय असं वाटावं. फेब्रुवारीतला तो खोकला एवढ्याचाच होता. ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि बाजूला सरकली. मानसिंग तिच्या जागी मांडी घालून बसला. तो सहा फुटी गडी, त्याचं कोपर बरंच वर आलं. मारोतीने आकडा वाचला आणि तळहातावर लिहिला.

“आन तव्याचं काय करायचं?” त्याने बायकोला विचारलं. “उतार काढू का?”

“सपाट ठिवा,” बायजाबाई म्हणाली. “जावईबापूंना चहाला सोपं पडंल.”

तिने पोह्यांची ताटली जवळ ओढली. पोहे गार झाले होते, तरी तिने भराभर चार घास घेतले. मानसिंगला आपण बायकोची जरा जास्तच चेष्टा केली असं वाटलं असावं. तो तिच्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला,

“आई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. नवीन शेगडी सोपी असणार. या हिवाळ्यात मी शिकवतो तिला.”

बायजाबाईचा घास हातातच राहिला.

“नगा शिकवू,” ती घाईघाईने म्हणाली.