कापलेला कोपरा

मी रामराव. जाफराबादपासून चार कोसांवरच्या एका गावात मास्तर होतो. त्या काळी खेड्यातलं पोस्ट मास्तरच्याच गळ्यात बांधायची रीत होती, म्हणून पोस्टमास्तरही होतो. शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल, एक शिक्का आणि टपाल वाटायला कडूबा, एवढंच आमचं पोस्ट. गाव मला भला माणूस म्हणायचं. गावाचं काय, धोतर पांढरं असलं की गाव माणसाला भला म्हणतं.

देवानंद माझा विद्यार्थी. बौद्धवाड्यातल्या भिवा आणि केशरबाईचा एकुलता एक मुलगा. फळ्यावर माझं गणित चुकलं तर तो वर्गात बोलायचा नाही, सुट्टी झाल्यावर हळूच येऊन सांगायचा. औरंगाबादेला एम.एस्सी. झाला आणि बहात्तर साली, इकडे विहिरींनी तळ गाठला होता तेव्हा, त्याला कॅनडातल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. देशोदेशीची पंचवीस मुलं निवडायची आणि तीन वर्षं शिकवायची, अशी ती योजना होती. निघताना केशरबाईनं त्याला विचारलं, "तीन वर्सं म्हंजी किती पोळे रं?"

"तीन पोळे, माय," तो म्हणाला.

शिष्यवृत्तीवाले दर तीन महिन्यांनी चार पानांचं वार्तापत्र काढायचे आणि प्रत्येक मुलाच्या घरी धाडायचे. कोण पास झालं, कुणाचं लग्न ठरलं, वसतिगृहात कुणी कुठल्या देशाचा भात रांधला, सगळं त्यात असायचं. ते घेऊन मी बौद्धवाड्यात जायचो आणि विहारासमोरच्या ओट्यावर बसून मराठीत सांगायचो. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. जिथे अडायचं तिथे ठोकून द्यायचो. पण वाड्याला त्या पंचवीसही मुलांची नावं पाठ झाली होती. सिलोनची मालिनी थंडीनं आजारी पडली तेव्हा इथल्या म्हाताऱ्या हळहळल्या. घानाच्या क्वामेच्या आईला दिसेनासं झालंय हे एका अंकात आलं, तर पुढच्या खेपेला मी ओट्यावर टेकतो न टेकतो तोच केशरबाई म्हणाली, "देवानंदचं मंग सांगा गुरुजी. आधी क्वामेच्या मायच्या डोळ्यायचं काय झालं ते सांगा."

मी ते गमतीनं वार्तापत्रवाल्यांना कळवलं. त्यांनी छापलं. तीन महिन्यांनी घानाहून उत्तर छापून आलं, की ऑपरेशन झालं, देवानंदच्या आईला सांगा, आता मला माझ्या हाताच्या रेषा दिसतात. केशरबाईनं त्या दिवशी वाड्यात गूळ वाटला.

आता माझ्या हौसेविषयी सांगायला हवं. मला तिकिटं जमवायचा नाद होता. चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचो. "लेकरं खेळत्यात असले खेळ," असं म्हणत माझी बायको झुंबरबाई तो डबा दर दिवाळीला पुसून परत जागेवर ठेवायची. देवानंदच्या प्रत्येक पाकिटावरचं तिकीट मी भिवाकडून मागून घ्यायचो. "घ्या की गुरुजी, आमाला काय करायचं त्याचं," म्हणून तो स्वतःच पाकीट पुढे करायचा.

पंच्याहत्तरच्या मार्चात देवानंदचं जाडसर पाकीट आलं. जूनमध्ये तो परत यायचा होता. तीन पोळे होऊन गेले होते आणि केशरबाईनं आत्तापासूनच भिंती पोतारायला घेतल्या होत्या. मला मात्र त्याच दुपारी जालन्याला शिक्षकांच्या शिबिराला जायचं होतं, एसटी निघायच्या बेतात होती. पाकिटावर तिकीट होतं बर्फात उभ्या असलेल्या हरणाचं. मी परत येईपर्यंत भिवानं पाकीट चुलीत घातलं तर? मी टेबलावरची कात्री घेतली, तिकिटासकट पाकिटाचा कोपरा कापला, डब्यात टाकला, पाकीट कडूबाच्या हातात दिलं आणि "भिवाकडे दे" एवढंच म्हणून पळालो. गावच्या अण्णासाहेब पाटलांच्या पाकिटाला मी अशी न विचारता कात्री लावली असती का? नसती. हे तेव्हा मनात आलं नाही. नंतर आलं, आणि अजून जात नाही.

आमच्याकडे मौतीचं पत्र लिहिलं की त्याचा कोपरा फाडतात. तसलं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, जवळ ठेवायचं नाही, फाडून पाण्यात सोडायचं. बौद्धवाड्यानं छप्पन साली देव्हारे बुडवले, उपासतापास सोडले. पण ही रीत कुणी धर्मात धरलीच नव्हती, ती टपालात धरली होती. टपालाचं खातं माझ्याकडे होतं. मला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि होतंही. कात्री चालवताना आठवलं नाही, एवढंच.

कडूबानं वाटेत कोपरा पाहिला. त्याला वाटलं, गुरुजी एरवी देवानंदचं पत्र स्वतः घेऊन जातात, आज का गेले नाहीत ते आता कळलं. केशरबाई दारातच होती. त्यानं मान खाली घालून पाकीट दिलं आणि न बोलता परत फिरला. वाचायला तिला येत नव्हतं, आणि वाचायची गरजही तिला वाटली नाही. भिवा पाझर तलावाच्या कामावर होता. ती तशीच अनवाणी पूर्णा नदीवर गेली, पाकीट न उघडता त्याचे तुकडे केले आणि धारेत सोडले.

चौथ्या दिवशी मी परतलो तर फाट्यावर कडूबा उभा.

"गुरुजी, आधी सांगायचं व्हतं मला," तो म्हणाला. "मी आपलं तसंच जाऊन हातात देलं."

"काय दिलंस?"

"देवानंदचं मौतीचं पत्र."

मी पिशवी तिथेच टाकून बौद्धवाड्याकडे धावलो. विहारापुढे सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, वंदना चालली होती. देवानंदच्या मॅट्रिकच्या फोटोला हार होता. मी चपला न काढता मधे घुसलो आणि ओरडलो, "अरे, मेला नाही तो! तिकिटासाठी कोपरा मी कापला. मी, या हातानं! पाकिटावर पत्ता त्याच्याच अक्षरात होता. मेलेला माणूस आपल्याच मौतीचं पत्र टाकतो का?"

मग केशरबाई उठली. "म्हंजी त्यो हाय?"

"आहे."

तिनं आधी फोटोवरचा हार ओढून काढला, आणि मग जी रडायला लागली ती तिन्हीसांजेपर्यंत थांबली नाही. चार दिवस ती रडली नव्हती, असं बायका म्हणाल्या. शांत झाल्यावर तिनं विचारलं, "मंग पत्रात काय व्हतं, गुरुजी?"

ते सांगणारं कुणी नव्हतं. ते पूर्णेत गेलं होतं.

भिवा मला एक शब्द वाईट बोलला नाही. उलट सगळ्यांना बजावलं, "वर कोणी कळवायचं न्हाई. गुरुजींची नौकरी जाईल." त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचा ऋणी झालो असतो.

दुसऱ्या दिवशी कडूबा म्हणाला, "तालुक्याहून तार करा ना. काय लिवलं व्हतं ते परत इचारा. घडीभराचं काम हाय." मी म्हणालो, तारेची काय जल्दी, माणूस खुशाल आहे. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. तार करायला गेलो की तालुक्याचा पोस्टमास्तर विचारणार, पत्राला काय झालं? दुसऱ्याच्या टपालाला कात्री लावणारा पोस्टमास्तर घरी बसतो, हे मला पाठ होतं. म्हणून मी देवानंदला साधं पत्र लिहिलं, की तुझं पत्र पाण्यात भिजलं, पुन्हा लिही. एवढं खोटं जुळवायला मला आठ दिवस लागले.

त्याचं उत्तर मे महिन्यात आलं. या वेळी मी स्वतः घेऊन गेलो, पाकिटाला चारही कोपरे ठेवून. ओट्यावर भिवा आणि केशरबाई समोर बसली आणि मी वाचलं. त्यानं लिहिलं होतं, "इथे डॉक्टरेटसाठी आणखी चार वर्षं देतात. माझं मन इथे लागत नाही. पण मिळालेलं सोडून आलो तर तुम्हाला तोंड कसं दाखवू, ते कळेना. म्हणून माय, तुला विचारलं होतं, दहा एप्रिलच्या आत ये म्हणालीस तर येतो. काहीच कळवलं नाहीस तर शिक म्हणालीस असं समजेन. वाट पाहिली. दहा तारखेला सही केली. गुरुजींचं पत्र चौदाला मिळालं. आता मधे सोडता येत नाही. माय, काळजी करू नको."

माझ्या आठ दिवसांतले चार-पाच दिवस वाचले असते तरी पुरलं असतं. तार केली असती तर महिना हाताशी होता. हा हिशेब मला देवानंदनं शिकवलेला नव्हता, तो मला एकट्यालाच जमला.

केशरबाई म्हणाली, "शिकू द्या. मायनं शिक म्हणलं असं लेकराला वाटलं, त्यात वाईट काय न्हाई." आणि उठता उठता वळून म्हणाली, "पर मी येच म्हणले असते, गुरुजी. येच."

वार्तापत्र येत राहिलं. मी वाचत राहिलो. त्या वर्षाच्या शेवटच्या अंकात क्वामे शिक्षण संपवून घरी गेल्याची बातमी होती आणि सोबत फोटो होता, गळ्यात पडलेल्या मायलेकांचा. केशरबाईनं कागद माझ्याकडून घेतला.

"ही त्याची माय? दिसतं न्हवं आता हिला?"

"दिसतं."

"बरं झालं. लेकरू डोळ्यानं पाह्यलं तिनं." तिनं कागदाची नीट घडी घालून मला परत दिली. त्या दिवशी देवानंदचं काय छापलंय, ते तिनं विचारलं नाही.

शहात्तरच्या दिवाळीनंतर तिला कावीळ झाली. जालन्याला नेली, पण आठ दिवसांत गेली. शेवटी शेवटी भ्रमात होती. भिवा सांगत होता, हात हलवून कुणाला तरी बोलावत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवा शाळेत आला. मी मुलांना सुट्टी दिली.

"त्याला पत्र लिवा, गुरुजी. तार नको. परक्या मुलखात एकटा हाय, तारेनं घाबरंल." मग म्हणाला, "आन् त्यो कोपरा अजून हाय का तुमच्यापाशी?"

"कुठला?"

"त्या पत्राचा. तुमी कापलेला. त्याचा तेवढाच तुकडा राह्यला. बाकीचं तिनं पूर्णेत सोडलं. तिची राख सोडाया चाललो, तिच्यासंगं तेबी सोडतो."

मी घरून डबा आणला. वीस महिने मी त्याचं झाकण उघडलं नव्हतं, लाज वाटायची. हरणाचं तिकीट वरच होतं. भिवाच्या हातावर ठेवायला मी ते उचललं, तर पाकिटाच्या दोन पदरांमधून निळ्या कागदाचा एक बारीक तिकोनी कपटा खाली पडला. आतल्या पत्राचं टोक कात्रीत सापडलं होतं. त्यावर देवानंदचं अक्षर होतं. शेवटची ओळ असावी, कडेला कोंबून लिहिलेली. तीनच शब्द होते.

"काय लिवलंय?" भिवानं विचारलं.

कोरं आहे, असं म्हणावंसं वाटलं मला. अडलं की ठोकून द्यायची सवय होतीच, आणि भिवाला वाचता येत नव्हतं. पण त्या क्षणी मला ते जमलं नाही.

"ये म्हण, माय," मी वाचलं.

भिवानं कपटा हातात घेतला. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"हे तुमच्या घरातच व्हतं तं," तो म्हणाला.

"हो, भिवा. माझ्याच घरात होतं."

एवढं बोलून मला रडू फुटलं. वयानं, जातीनं, मास्तरकीनं मोठा असलेला मी त्या व्हरांड्यात पोरासारखा रडलो, आणि ज्याची बायको गेली होती तो माणूस मला पाणी आणून देत होता. नंतर त्यानं तो कपटा सदऱ्याच्या खिशात घातला. तिकीट टेबलावरच राहू दिलं.

"लिवा आता," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं तसं लिहिलं. आजार लिहिला, वार लिहिला, कोण कोण आलं होतं ते लिहिलं. शेवटी तो म्हणाला, "लिवा, तुझी माय जाताना तुला ये म्हणत व्हती." तेही लिहिलं. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला. आणि रीत म्हणून मी कात्री उचलली.

भिवानं माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी. कोपरा कापू नका. घरात नेऊन वाचू द्या त्याला."