दुसरी तिरकी वीण

उद्या जायचंय असं कुणी सांगितलं असतं, तरी बाबांनी त्या दिवशी दुसरं काही केलं नसतं. बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत होत्या, पुढ्यात खुर्ची होती आणि दातांत लाकडी खुंट्या धरून ते बोलत होते. त्यामुळे निम्मं बोलणं खुंट्यांनाच ऐकू जात होतं.

खुर्ची मास्तरीणबाईंची होती. बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. बैठक फाटल्यापासून त्या स्टुलावर उशी टाकून बसत आणि पायांनी भाता हाणता हाणता शेवटच्या गीतापर्यंत निम्म्या घसरलेल्या असत.

"पाऊणताई, बादलीतलं पाणी बदल गं."

"पूर्ण बदलू, की पाऊण?" खिडकीशी वाचत बसलेली मुलगी म्हणाली.

बाबा हसले तशी एक खुंटी खाली पडली. हे नाव तिला त्यांनीच दिलं होतं. पोहणं, शिवण, सतार, पुढचं शिक्षण, सगळं तिनं हौसेनं धरलं आणि पाऊण वाटेवर सोडलं. वेत विणणंही त्यातच जमा. शाळेत असताना चार सुट्ट्या बाबांच्या शेजारी बसून शिकली आणि कडा बांधायची वेळ आली तशी उठून गेली. शेवटापर्यंत न्यायची ती फक्त पुस्तकं, तीही दुसऱ्यांनी लिहिलेली. छापखान्यात मुद्रितं तपासणं हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं.

"तुम्हाला कंटाळा नाही येत हो, शेवटी शेवटी?"

"येतो की. हत्ती जातो, शेपटाशीच खरी मारामारी." बाबांनी पट्टी ओढून खुंटी ठोकली. "पण प्रभूनं मला कुठं अर्धा टाकलाय? इतकी वर्षं झाली, अजून माझ्यावर काम चालूच आहे त्याचं. मी साधी खुर्ची टाकू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला म्हणून तिनं हाक मारली, तर ओ आली नाही.

दफन झालं. आलेले नातेवाईक आले तसे गेले. खुर्ची मात्र कोपऱ्यात तशीच राहिली. उभ्या-आडव्या पट्ट्या भरलेल्या, एक तिरकी वीण पुरी, तिला छेदून जाणारी दुसरी सुरूही झालेली नाही. तिच्याकडे पाठ करून बसायची मुलीला सवय झाली. शेवटी एका दुपारी तिनं ती उचलली आणि बाजारातल्या विणकराकडे नेली.

त्यानं बैठकीवर बोटं वाजवली. "देखणं काम आहे. पण दुसऱ्याच्या ताणावर माझा ताण बसायचा नाही, ताई. माझा हात जड. सगळं कापून नव्यानं विणीन."

"कापून?"

"कापायचं नसेल तर त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणी असेल ते बघा. एरवी हे असंच राहणार."

ती खुर्ची परत घेऊन आली. मागोमाग मास्तरीणबाई आल्या, तेव्हा विणकर काय म्हणाला ते तिनं त्यांना सांगितलं.

"पोरी, खुशाल कापू दे त्याला. मला काय, टेकायला मिळालं म्हणजे झालं."

"तुम्हाला टेकायला मिळेल हो. पण हे त्यांचं शेवटचं काम आहे." तिचा आवाज चढला. "आयुष्यभर ज्या माणसानं एक काम अर्धं ठेवलं नाही, त्याला देवानं आठवडाभर जास्त द्यायला काय हरकत होती?"

बाई म्हणाल्या, "ते मला नाही सांगता यायचं, आणि मी सांगायचा आव आणला तर माझं ऐकूही नकोस. पण मंदिराची लाकडं बापानं जमवली आणि बांधलं मुलानं, असं पवित्र शास्त्रात आहे. तो बाप अर्धवट गेला असं कुणी म्हणत नाही."

"मी काय मंदिर बांधणारी आहे?"

"छे! तू तर माझं बूड टेकायची सोय करणार आहेस."

दोघी हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज झाला.

शनिवारी तिनं वेत भिजत घातला. शाळेच्या सुट्ट्यांत शिकलेलं केव्हाच विसरलं होतं, पण बाबांची तिरकी वीण समोरच होती. कुठं वरून, कुठं खालून, हे मुद्रित तपासावं तसं तिनं नीट पाहिलं आणि हुबेहूब त्याच चालीनं पट्टी घालायला घेतली. बाबांचा मान राखायचा तर त्यांच्यासारखंच करायला हवं, एवढंच तिला कळत होतं. पण पट्टी सरकेना. प्रत्येक जोडावर अडकायची. जोर केला की साल निघायची. चार पट्ट्या तुटल्या, बोटं सोलली. दुसरी वीण पाऊण बाकी असतानाच तिनं चिमटा खाली ठेवला. "नेऊ दे त्या विणकरालाच," ती पुटपुटली आणि उठली.

उठता उठता तिचं लक्ष खालच्या बाजूकडे गेलं. बाबांची पट्टी जिथं वर होती, तिथंच तिचीही वर चढली होती आणि दोघी एकमेकींना रेटत होत्या. दुसरी तिरकी उलट चालीनं जाते. पहिली वर असेल तिथं ती खालून, पहिली खाली असेल तिथं वरून. म्हणजे बाबांची नक्कल करायची नव्हतीच, त्यांच्या कामात आपलं काम गुंतवायचं होतं.

ती परत बसली. घातलेलं सगळं उसवलं आणि नव्यानं सुरुवात केली. आता पट्टी दुधातून बोट फिरावं तशी सरकत होती. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं तरी तिनं मान वर केली नाही. मध्ये एकदा कंटाळा आला, तसाच जाऊ दिला. कडेची जाड पट्टी बसवली, बारीक वेतानं ती भोकाभोकातून आवळत नेली आणि शेवटचं टोक खाली दडपलं.

तिनं तळहात बैठकीवर दाबला. बैठक जराशी लवली आणि पुन्हा ताठ झाली. कुठवर बाबांचं आणि कुठून तिचं, हे तिचं तिलाच सांगता येईना.

दफनाच्या दिवशी जो तो मूठभर माती टाकून बाबांशी दोन शब्द बोलला होता. तिच्या मात्र तोंडून काही फुटलं नव्हतं. मातीही तशीच मुठीत राहिली होती.

"बाबा," रिकाम्या खोलीत ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही निवांत असा आता. भेटू आपण."