बोटभर लांब झालेला डावा पंख

मी डावा पंख बोलतोय. दचकू नका, कुठल्या पाखराचा नव्हे, रिमोटवर उडणाऱ्या एका छोट्या विमानाचा. अंगानं फोमचा, म्हणजे थर्माकोलचा जरा बऱ्या घरातला चुलतभाऊ म्हणा. वजन इतकं कमी की कुणी जोरात शिंकलं तर मी टेबलावरून खाली. पण एकदा बोलायला लागलो की आवरत नाही, तेव्हा बसून घ्या.

माझा जन्म साच्यात झाला. मोहरीएवढे दाणे ओतले, वाफ सोडली, दाणे फुगून एकमेकांना बिलगले आणि मी झालो. शेजारच्या साच्यात माझा जुळा भाऊ झाला, उजवा. नाकीडोळी आम्ही सारखे, लांबीत सूतभरही फरक नाही. कारखान्यात आमच्यात कुणी डावं-उजवं केलं नाही, पण हा जन्मतःच शिष्ट. खोक्यातसुद्धा त्याला वरचा कप्पा लागला.

आमच्या मालकाला सगळे कॅप्टन म्हणतात. खऱ्या विमानाच्या पायरीवर त्यानं कधी पाय ठेवलेला नाही. नोकरी होती लिफ्ट दुरुस्त करण्याची. उभा जन्म लोकांना वर नेण्यात आणि खाली आणण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर याला आकाश आठवलं. 'कॅप्टन' हे नाव बायकोनं चिडवायला ठेवलं होतं. यानं ते मेडल मिळाल्यासारखं छातीवर लावून घेतलं.

बायको घरीच कपडे शिवतात. बाहेरच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं मोठं टेबल आणि भिंतीला टांगलेले अर्धवट ब्लाउज. गिऱ्हाइकं त्यांना टेलरताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. कॅप्टनला मी अरे-तुरे करतो आणि त्यांना अहो-जाहो, कारण त्यांच्या हातात कात्री असते.

टेलरताईंचं आणि आमचं पहिल्या दिवसापासून वाकडं. कॅप्टन विमान आणून ठेवणार ते नेमकं त्यांच्या कापायच्या टेबलावर. "उचला तुमची ती लाडकी! सवत परवडली, ती निदान स्वयंपाकाला हात तरी लावते," असं त्या म्हणायच्या. कॅप्टन हसून आम्हाला कपाटावर ठेवायचा आणि खिडकीत जाऊन बोट ओलं करून वारा बघायचा. मग वाऱ्याची बातमी घरभर. टेलरताई सुई ओवताना ऐकायच्या आणि ऐकत नाही असं दाखवायच्या.

आणि मग तो दिवस आला.

वारा झकास होता आणि कॅप्टन जरा जास्तच रंगात आला होता. आम्हाला उंच नेलं, गिरक्या घ्यायला लावल्या. डोळे आकाशात, पाय आपोआप मागे मागे. मैदानाच्या कडेला पाइपासाठी चर खणून ठेवला होता. पुढे बघून चालणाऱ्याला ठेच लागते, हा तर वर बघून मागे चालत होता. धाडकन चरात पडला. पडता पडता अंगठा रिमोटच्या दांडीवर दाबला गेला आणि आम्ही सरळ फुटबॉलच्या गोलपोस्टवर. गोल काही झाला नाही, मी मात्र गेलो. माझं टोक तुटून लांब पडलं आणि मधल्या भागाचा चुरा गवतात उडाला.

कॅप्टनचं डावं मनगट मोडलं आणि विमानाचा डावा पंख. उजव्याला साधा ओरखडा नाही. वर तोच म्हणाला, "मी माझ्या बाजूनं व्यवस्थित होतो."

कॅप्टनच्या हाताला प्लास्टर बसलं, मी कपाटावर गेलो. लेकीचा फोन आला. "बाबा, बास झालं हां आता. या वयात हाडं काय लगेच जुळतात का?"

"बास," कॅप्टन म्हणाला. "भंगारात देऊन टाकतो."

इतकी वर्षं टेलरताई हेच तर ऐकायला टपल्या होत्या. मला वाटलं, आता पेढे वाटतील. पण त्यांनी मशीन थांबवून नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

त्यानंतर घर गप्प झालं. कॅप्टन खुर्चीत बसायचा तो बसायचाच. जिना उतरायची वेळ आली की भिंत धरून दोन पायऱ्या जायचा आणि "नंतर बघू" म्हणून परत यायचा. दुखणं मनगटाचं होतं, पण भीती पायांत उतरली होती. खिडकीचा पडदासुद्धा सरकवेना. टेलरताईंना विमान नको होतं, नवरा मात्र हवा होता, आणि तो खुर्चीत बसल्या बसल्या रोज थोडा थोडा कमी होत चालला होता. कपाटावरून मला ते दिसायचं आणि वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

एका दुपारी टेलरताई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी मला खाली घेतलं. चक्क त्याच कापायच्या टेबलावर!

"अहो, हे कसं जोडायचं?"

"सोड गं. कचरा आहे तो."

"मग कचऱ्यावर हात बसवते माझा," असं म्हणून त्यांनी खणातून एक छोटीशी नळी काढली. चपलेपासून कपाच्या कानापर्यंत सगळं क्षणात चिकटवणारा गोंद. एक थेंब माझ्या जखमेवर पडला आणि मी विरघळायला लागलो! जखमेवर मीठ चोळतात ते ऐकलं होतं, इथं जखमच मला खात होती. खळगा पडला, वर वास सुटला.

तो वास नाकात जाताच कॅप्टन खुर्चीतून उठला. "अगं थांब! थांब! तो गोंद फोम खातो!"

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं का?"

"तू थेट ओतशील असं मला काय माहीत?"

"पंधरवडाभर तोंडातून शब्द नाही, आणि आता ओरडताय."

बोलणं तिखट होतं, पण टेलरताईंचा चेहरा मी जवळून बघत होतो. गुन्हा केल्याचं एक चिन्ह नव्हतं. नवरा टेबलापर्यंत आला होता ना.

मग माझ्यावर खरे उपचार सुरू झाले. कॅप्टन शेजारी स्टुलावर बसून हुकूम सोडू लागला, कारण एका हातानं तेवढंच सोडता येत होतं. दोन नळ्यांतला गोंद समसमान घेऊन कालवायचा. घाई चालत नाही, तो सावकाश धरतो, धीर लागतो.

"धीर?" टेलरताई म्हणाल्या. "तुमच्याशी संसार केलाय मी. पुढचं सांगा."

त्यांनी माझी फाटलेली कड सरळ कापून घेतली. मशीनच्या खोक्यातला पांढरा फोम काढला. उजव्याच्या अंगाला टेप लावून गेलेल्या भागाचं माप घेतलं, खडूनं रेघ मारली आणि ब्लेडनं सपकन तुकडा कापला. हात असा सराईत की मला दुखायला वेळच मिळाला नाही. आत बांबूच्या काड्या घातल्या, गोंद लावला, टोक बसवलं आणि चारी बाजूंनी टाचण्या टोचल्या, घेराची दुमड टाचतात तशा. एवढ्यात त्या इस्त्री घेऊन आल्या. माझी तर बोबडीच वळली. पण इस्त्री गार होती, नुसती वजनाला ठेवायची होती. माणसांनी अशा वेळी आधी सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी गोंद पक्का झाला. पॉलिशपेपर फिरला, वर चिकटपट्टी बसली आणि मला विमानाला लावलं. कॅप्टननं समोर उभं राहून एक डोळा बारीक केला. मग दुसरा. मग टेप मागितली.

"अगं, हा लांब झालाय. चांगला बोटभर!"

"होणारच. दोन्हीकडनं अर्धं अर्धं बोट जास्त धरलंय. शिवणीत दाबायला नको का?"

कॅप्टन त्यांच्याकडे बघत राहिला. "शिवणीत? फोम शिवणीत कोण दाबतं?"

टेलरताईंचा हात तोंडावर गेला. सगळं आयुष्य त्यांनी मापाबरहुकूम कापड कधी कापलंच नव्हतं. कापड कमी पडलं तर गिऱ्हाइकाला तोंड कसं दाखवणार? हाताला लागलेली सवय फोमपुढे थोडीच थांबते! कॅप्टनला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग प्लास्टरचा हात टेबलावर आपटून आपटून. टेलरताई आधी रुसल्या, मग त्याही हसत सुटल्या. माझ्या खर्चानं का होईना, घरात पुन्हा आवाज झाला.

"पण उडणार नाही हे," कॅप्टन डोळे पुसत म्हणाला. "एका अंगाला कलंडेल. जास्तीचं कापून टाकावं लागेल."

"घातलेलं मी काढत नाही," टेलरताई म्हणाल्या. "एक बाही लांब झाली ना? मग दुसरी वाढवते."

"विमानाचं गणित असतं अगं!"

"आणि बाह्यांचं नसतं?"

उजव्याची अवस्था काय वर्णावी! "मला का? मी तर धडधाकट आहे! मी माझ्या बाजूनं..." तोवर टाचण्या बसल्या होत्या. त्याच्या टोकालाही बोटभर तुकडा जोडला गेला. माझ्या मनात लाडू फुटले, पण भाऊ आहे म्हणून चेहरा गंभीर ठेवला.

कॅप्टन दोन्ही पंखांकडे बघत स्वतःशीच पुटपुटू लागला. पंख लांब, म्हणजे विमान कमी वेगातही तरंगेल, सावकाश उडेल. डोळ्यांत जुनी चमक आली, आणि लगेच विझली. "मी मैदानात येणार नाही. एका हातानं जमत नाही ते. आणि... नको."

"बरं. मग मी जाते," टेलरताई म्हणाल्या. "वर गेल्यावर खाली कसं आणायचं, तेवढं सांगून ठेवा."

"वर कसं न्यायचं ते येतं का तुला?"

"तुम्ही जन्मभर बटण दाबूनच नेत होतात की लोकांना."

आणि आम्हाला काखोटीला मारून त्या खरोखर जिना उतरू लागल्या. मी मागे बघितलं. कॅप्टन दारात उभा. एक पाय बाहेर, एक आत. त्या क्षणी मला स्वतःच्या सांध्याची नाही, त्याची काळजी वाटली. तो आता परत खुर्चीत गेला असता तर पुन्हा उठला नसता. मग भिंतीला हात घासत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. मैदानात पोचला तेव्हा त्याच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

रिमोटला दोन दांड्या असतात. डावी वेगाची, उजवी वळण्याची आणि वर-खाली जाण्याची. कॅप्टनचा उजवा हात चांगला, डावा प्लास्टरात. तेव्हा टेलरताई त्याला खेटून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डाव्या दांडीवर अंगठा ठेवला. एक रिमोट, दोन माणसं.

"हळूहळू वर कर. हळू! हळू म्हटलं!"

"हळूच करतेय!"

"पाय कशाला दाबतेस जमिनीवर? मशीन नाही हे!"

आम्ही गवतावरून धावलो, धडपडलो आणि उचललो गेलो. वर जाताच माझा सांधा करकरला. मी डोळे मिटले. वाऱ्यानं खालून रेटलं, बांबूच्या काड्यांनी धरून ठेवलं, गोंदानं शब्द पाळला. उजवाही गप्प होता, घाबरला की तो गप्प होतो. आणि मग आम्ही दोघं बोटभर वाढलेले भाऊ असे काही तरंगलो की पूर्वी कधी तरंगलो नव्हतो. मी खाली बघितलं. कॅप्टन सवयीनं मागे मागे सरकायला लागला होता. टेलरताईंनी दुसऱ्या हातानं त्याचा सदरा मुठीत घट्ट पकडून ठेवला होता. तो तसूभर हलू शकत नव्हता, आणि वर बघून हसत होता.

आम्ही गवतावर अलगद उतरलो. टेलरताईंनी पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. सवतीला इतका मान कुठल्या घरात मिळतो?

आता मी म्हातारा झालोय. जोडलेली जागा पिवळी पडली आहे, चिकटपट्टीच्या कडा सुटतात, टेलरताई त्या पुन्हा बसवतात. मी कपाटावर नसतो, कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर असतो. कॅप्टनचं प्लास्टर कधीच निघालं. हाडांच्या डॉक्टरांनी हात वळवून वळवून बघितला आणि सांगितलं, अगदी पहिल्यासारखा झालाय.

तरी मैदानात पोचलं की कॅप्टन मनगट चोळतो आणि म्हणतो, "कळ येतेय गं अजून. डावी दांडी तूच धर." टेलरताई "बरं" म्हणतात आणि खेटून उभ्या राहतात. त्याच सकाळी घट्ट बसलेलं बरणीचं झाकण त्यानं त्याच डाव्या हातानं एका फटक्यात फिरवलेलं असतं. बरणी धरलेली असते टेलरताईंनी.

मला हात नाहीत, म्हणून पंख जोडून एकच विनंती करतो. कधी मैदानावरून जाताना ते दोघं एका रिमोटला बिलगून उभे दिसले, तर खुशाल थांबा, वर बघा, टाळ्या वाजवा. फक्त "कॅप्टन, हात कसा आहे?" असं तेवढं विचारू नका.