भाड्याचे डोंबारी

माझा नवरा रवी ज्या गेमवर काम करायचा, त्यात युरोपातलं एक जुनं शहर आहे. खेळणारा त्या शहरात माणसं मारत फिरतो. पहारेकरी आडवे आले की चौकात बसलेल्या रोमा, म्हणजे तिकडच्या भटक्या, खेळकऱ्यांपुढे त्याने नाणी फेकायची. मग ते त्याच्या मागोमाग येतात, दोरी बांधतात, ढोल वाजवतात. पहारेकरी माना वर करून खेळ बघत बसतात आणि हा पठ्ठ्या पाठीमागून निसटतो. रवीने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, हे तर तुम्हीच." तो हसला नाही.

रवी डोंबाऱ्याचा. सोलापूरकडे पालात जन्मला, शाळेत जाईपर्यंत दोरीवर चालला. पुढे एका मास्तरांनी त्याला वसतिगृहात घातलं. मी प्रणिता, नागपूरची, बौद्ध. आम्ही लग्न केलं तेव्हा त्याच्या जातपंचायतीने त्याला वाळीत टाकलं आणि माझ्या वडिलांनी मला दार बंद केलं. भिंतीवर बाबासाहेब आणि दाराला कडी. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

म्हणून अमेरिकेत बेलव्ह्यूतलं हे भाड्याचं अपार्टमेंट सोडलं तर आम्हाला घर नाही. इथे आमचं राहणं रवीच्या नोकरीला बांधलेलं. ती गेली की दोन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाहीतर बॅगा भरायच्या. मला माझ्या व्हिसावर काम करता येत नाही. आमची उर्वी इथेच जन्मली. "बॅक टू इंडिया" म्हटलं की ती विचारते, "कोणाकडे?" याचं उत्तर मी आजवर दिलेलं नाही.

कंपनीत माणसं कमी करायला लागले तेव्हा रवीचं जेवण सुटलं. त्याचा लीड शैलेंद्र पुण्याचा. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. पण तो चांगला होता, दिवाळीला चकल्या घेऊन यायचा. त्याने रवीला बाजूला घेऊन सांगितलं, "ते रोप-वॉकिंग फेक वाटतंय यार. हालचाली टिपायला सर्कसवाली मुलगी बोलावली, ती जिम्नॅस्टसारखी चालते. वरचे म्हणतायत, ते खेळकरीच कट करा." खेळकऱ्यांचा सगळा कोड रवीने लिहिलेला. ते गेले की तोही गेला.

इतकी वर्षं रवीने इथल्या एकाही मराठी माणसाला आपली जात सांगितली नव्हती. मंडळाच्या पिकनिकला कोणी "आडनावावरून कळत नाही हो" म्हटलं की तो ग्रिलवरची कणसं परतायला निघून जायचा. त्या दिवशी तो शैलेंद्रला म्हणाला, "मला येतं."

"काय, रोप-वॉकिंग? हॉबी का?"

"नाही. धंदा होता."

शैलेंद्र खूश झाला. खूशच होणार. हवा तो माणूस शेजारच्याच टेबलावर निघाला, तोही फुकटात.

घरी येऊन रवीने मला हे सांगितलं आणि पुढे म्हणाला, "पण वाजवायला कोणीतरी लागेल. ढोलाशिवाय माझा पाय पडत नाही. पूर्वी आई वाजवायची." तो माझ्याकडे बघत राहिला.

मी सरळ नाही म्हटलं. माझ्या आजोबांनी गावचं डफडं वाजवायला नकार दिला म्हणून गावाने त्यांचं खोपटं पेटवलं होतं. डफडं त्यांनी नदीत फेकलं आणि पुन्हा कधी कशाला हात लावला नाही. आमच्या घरात पोरांनी ताटावर नुसती बोटं वाजवली तरी पाठीत धपाटा बसायचा. शाळेत मी तबल्याच्या तासालाही बसले नाही. आणि आता अमेरिकेत येऊन मी ढोल बडवायचा, तोही साहेब लोकांपुढे.

"तुझ्या आजोबांनी सोडलं ते बरोबरच," रवी म्हणाला. "मीपण सोडलं होतं ना." एवढं बोलून तो बाथरूममध्ये गेला आणि नळ मोठा सोडून आत बसून राहिला. मला काय ऐकू येऊ नये हे मला कळत होतं. तो बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शिकव."

त्याने दोन झाडांमध्ये दोरी बांधली. घराजवळच्या पार्कात, कुत्री फिरवणाऱ्या लोकांच्या देखत, मी रंगाची रिकामी बादली उलटी करून वाजवायला शिकले. हात चटकन बसला. त्याचाही मला राग आला.

रवीने एकच नियम सांगितला. माणूस वर असेपर्यंत ढोल थांबवायचा नाही. वरचा माणूस खाली बघत नाही, पायाकडेही बघत नाही. त्याच्या पायाखाली खरा असतो तो आवाज. "एकदा बाजारात पोलिसाने आईच्या हातावर काठी मारली," तो म्हणाला. "मी वर होतो. तिने दुसऱ्या हाताने वाजवत ठेवलं. मी उतरल्यावर रडली."

स्टुडिओ म्हणजे एक मोठी रिकामी खोली होती, चहूकडे कॅमेरे. रवीला अंगाला चिकटणारा काळा पोशाख घातला, त्यावर जागोजागी पांढरे गोळे लावले. तो जसा हलेल तसा गेममधला खेळकरी हलणार. दोरी कमरेइतक्या उंचीवर, खाली जाड गाद्या. मला एक खराखुरा ढोल दिला. रवीने दोरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वर चढला.

मी त्याला आठ वर्षांच्या संसारात असा कधी पाहिला नव्हता. पोट सुटलेला, चष्मा काढलेला माझा नवरा गुडघे किंचित वाकवून असा चालला की खोलीतली माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. शैलेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, वाचलो. खरंच वाटलं. हात दुखत होते आणि मी मनातल्या मनात उर्वीच्या पुढच्या वर्षीच्या शाळेचा विचार करत होते.

"ब्रिलियंट," शैलेंद्र म्हणाला. "आता फक्त डेथ ॲनिमेशन. पहारेकरी बाण मारतो, हा पडतो. वहिनी, तुम्ही एक करा, मध्येच अचानक ढोल बंद करा. रिॲक्शन नॅचरल येईल."

मी रवीकडे पाहिलं. मला वाटलं तो नाही म्हणेल. तो दोरीकडे बघत होता.

"पडल्यावर त्याचं काय होतं?" मी शैलेंद्रला विचारलं.

"कोणाचं?"

"पडलेल्याचं. कोणी उचलतं का?"

"नाही, तो गायब होतो. प्लेअर तोवर पुढे गेलेला असतो ना." त्याने हे अगदी प्रेमाने समजावून सांगितलं.

रवी पुन्हा चढला. मी वाजवायला लागले. अर्ध्या दोरीवर पोचला तेव्हा शैलेंद्रने मला हाताने खूण केली. मी वाजवतच राहिले. त्याने पुन्हा खूण केली. मग रवीने नियम मोडला आणि खाली, माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाला, थांबव. मी माझ्या लेकराच्या शाळेसाठी, त्या दोन खोल्यांसाठी ढोल थांबवला.

तो पडला. गादीवर पडताना कोणीही हात खाली टेकतं. त्याचे हात वरच राहिले, हवेत काहीतरी धरायला निघालेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वन मोअर, फॉर सेफ्टी," शैलेंद्र म्हणाला. मी पुन्हा थांबवला. नंतर आणखी एका कोनातून हवं होतं, तेव्हाही थांबवला.

परत येताना गाडी रवी चालवत होता. सिग्नलला त्याने माझा हात हातात घेतला आणि तळव्यावरचे फोड बघितले.

खेळकरी गेममध्ये राहिले. वरच्यांना फार आवडले म्हणे. पुढच्याच महिन्यात एका सकाळी रवीचा लॅपटॉप उघडेना. मग ईमेल आली, त्यात त्याच्या योगदानाबद्दल आभार होते. शैलेंद्रचा मेसेज आला, "माझ्या हातात नव्हतं रे." ते खरंच असणार. मी त्याचं उत्तर रवीला देऊ दिलं नाही.

आता रवी रोज शर्ट इस्त्री करून बेडरूममध्ये दार लावून बसतो आणि परक्या लोकांना स्क्रीनवर हसून दाखवतो. दोन महिन्यांची मुदत संपत आली आहे. कोणी म्हणतं कळवतो, कोणी कळवतही नाही. आज ईडन प्रेरी नावाच्या गावातल्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू होता. दारातून त्याचा आवाज येत होता. मध्येच तो अडखळला आणि गप्प झाला. ती शांतता लांबत गेली.

मी भाजी चिरायची सोडून ताट पुढे ओढलं आणि बोटांनी वाजवायला लागले. हळू, पण दाराच्या आत पोचेल एवढं. थोड्या वेळाने त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

उर्वीने होमवर्कमधून मान वर केली. "आई, स्टॉप इट. इट्स सो अनॉइंग."

"थांबता येत नाही गं," मी म्हटलं. "बाबा अजून वर आहे."

तिने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वाजवत राहिले.